पेटीतला सदरा

ओरोसेद्दू, सार्देन्या
९ मे १९५४

बाकिस,

बूट पोचले. एफिसच्या पायात अगदी मापात बसले. तू त्याला शेवटचा पाहिलास तेव्हा तो बारा वर्षांचा होता, मग माप कुणाला विचारलंस रे? का बेल्जियमच्या खाणीत कोळशाबरोबर तेही शिकवतात? दिवसभर बूट घालून अंगणात फेऱ्या मारत होता आणि मी हसले की डोळे वटारत होता. डोळे बापाचे आहेत, रागही बापाचाच.

आता बातमी ऐक, आणि बसून वाच. यंदा संत कोस्तान्तिनुच्या घोडदौडीत पहिला झेंडा कोणाच्या हातात आहे? लारेंतु पिरासच्या! त्या खुन्याच्या पोराच्या! लष्करातून सुटून आला, छाती काढून चौकात फिरतो, आणि पाद्रीबाबांनी रविवारी त्याचंच नाव पुकारलं. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी शाल तोंडावर ओढून घेतली. मग पोकळ बार उडवणाऱ्या बंदूकवाल्यांची नावं वाचली, त्यात एफिसचं. पाद्रीबाबा माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटतं, दोन घरची पोरं एका सणात उभी केली की सात वर्षांचं वैर मिटेल. भला माणूस आहे बिचारा, पण मेंढपाळांच्या गावात येऊन त्याला दोनच वर्षं झालीत. फेब्रुवारीत आमच्या एकतीस मेंढ्यांचे गळे कोणी चिरले, हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

एफिसची जागा कमानीच्या डाव्या अंगाला आली आहे, घोडे उतारावरून खाली येतात तिथे. त्या वर्षी तू तिथेच उभा होतास ना? माझे पास्काले काठी घेऊन झेंड्याच्या मागे दौडत आले आणि गोळी लागून तुझ्या डोळ्यांदेखत पडले. तू इथे टाकून गेलेली बंदूकच एफिसकडे आहे. मी ती दर महिन्याला तेल लावून जपली आहे.

दर सहा जुलैला मी पेटी उघडते, त्यांचा सदरा बाहेर काढते आणि एफिसच्या मांडीवर ठेवते. रक्त आता तपकिरी झालंय. यंदा त्याने सणाची वाट पाहिली नाही. झेंड्याचं नाव ऐकून घरी आला आणि म्हणाला, "आई, सदरा काढ." मी काढला. त्याच्या मांडीवर ठेवला. बोलायला उरलंय काय?

तू सणाला ये. मामा आहेस, त्याच्या शेजारी उभा राहा.

बोनारिया


शार्लरुआजवळ, बेल्जियम
१९ मे १९५४

ताई,

तुझं पत्र पाळी संपवून वर आल्यावर मिळालं. हात न धुता वाचलं, म्हणून आता ते वाचण्यासारखं राहिलं नाही. पण पाठ झालं आहे.

मला रजा नाही. आणि एफिसला दौडीत उभा करू नकोस. पाद्रीबाबांना सांग, आजारी आहे, पाय मुरगळलाय, काहीही सांग. त्यापेक्षा त्याला इकडे पाठव. माझ्या खोलीत दुसरी खाट लावता येईल. काम काळं आहे, पण इथे कोणी कोणाच्या बापाचं नाव विचारत नाही.

ताई, तो सदरा त्याला दाखवू नकोस गं. पोरगं आहे.

मेंढ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण लारेंतुनेच मारल्या कशावरून?

बाकिस


ओरोसेद्दू
२९ मे १९५४

बाकिस,

पोरगं? वीस वर्षांचा होईल नोव्हेंबरात! तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुझी लाज वाटली. आपल्या आईच्या पोटी तू आलास की कोणी दारात ठेवून गेलं होतं? पाय मुरगळलाय म्हणे. पिरासांची बाई रस्त्यात माझ्यासमोरून ताठ मानेने जाते, आणि मी माझ्या पोराला घोंगडीखाली लपवू?

मेंढ्या कशावरून म्हणतोस? लारेंतुच्या बापाला अंतिनेने द्राक्षमळ्यात कोयत्याने तोडला म्हणून. दिराने भावाचं रक्त फेडलं, चोवीस वर्षं तुरुंगात घालवणार आहे तो. पिरासांनी त्याचा राग मेंढ्यांवर काढला. मेंढ्यांवर! माणसांशी भिडायची छाती नाही.

दुसरं सांगते. डॉक्टरने पास्कालेंच्या अंगातून काढलेली गोळी मी सदऱ्याच्या खिशात ठेवली आहे, तुला ठाऊक नसेल, तू लगेच बेल्जियमला पळालास. त्या नीचाने गोळीवर सुरीने फुली कोरली होती, का, तर मेलेल्याच्या आत्म्यालाही शांती मिळू नये. परवा एफिस ती बोटांत फिरवत बसला होता. म्हणाला, "ही परत करायची." सणाला चाळीस बंदुका एकदम पोकळ बार उडवतात, धुरात कोणाला काय दिसतं? पिरासने तसंच केलं होतं. तीच जागा, तेच घोडे, तीच गोळी.

भाकरी लाटताना मला रडू आलं, पण मी त्याला नको म्हटलं नाही. तू आता मध्ये पडू नकोस.

बोनारिया


शार्लरुआजवळ
८ जून १९५४

ताई,

मी पाया पडतो, त्याच्याकडून ती गोळी काढून घे. म्हाताऱ्या पिरासला गोळी झाडताना कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पाणवठ्यावरून त्याचं आणि भावोजींचं भांडण झालं होतं, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. बंदुका चाळीस होत्या, तूच लिहितेस. चुकूनही होऊ शकतं. माणूस चुकतो, ताई.

लारेंतु तेव्हा लष्करातही गेला नव्हता, मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. त्याचा काय दोष?

बाकिस


ओरोसेद्दू
१७ जून १९५४

बाकिस,

चुकून! सात वर्षांत तुझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी "पिरास, पिरास" म्हणून सगळ्यांत मोठ्याने तूच ओरडत होतास, मी चर्चच्या पायरीवरून ऐकलंय. आता परदेशी पाव खाऊन तुला त्याची दया यायला लागली?

तुला दुसऱ्या कोणाचं नाव माहीत असेल तर लिही. आई-बापाची शपथ घालते तुला, नाव लिही. नसेल तर यापुढे मला पत्र पाठवू नकोस आणि एफिसला बूटही पाठवू नकोस.

त्याने काल बंदूक साफ केली. दोन्ही नळ्या.

बोनारिया


शार्लरुआजवळ
२५ जून १९५४

ताई,

एकटी असताना वाच. नाव मागितलंस. बाकिस.

माझंच नाव.

त्या सकाळी मी कमरपट्ट्याच्या डाव्या बाजूला पोकळ काडतुसं खोचली होती, नुसती दारू आणि कागदाचा बोळा. उजव्या बाजूला रानडुकरासाठी केलेली चार गोळीची काडतुसं तशीच राहिली होती. काढून ठेवायचा कंटाळा केला. गोळीच्या काडतुसाच्या बुडाला मी मेणाचा ठिपका द्यायचो, न बघता बोटाला कळावं म्हणून. दुपारपासून आम्ही उन्हात उभे होतो. मेण वितळून गेलं. वाइनही भरपूर झाली होती. घोडे कमानीतून आले, सगळे भराभर बार भरत होते, मीही भरला. डावीकडून की उजवीकडून, ते मला आजही आठवत नाही.

पोकळ बार उडाला की बंदूक खांद्याला नुसती टेकते. त्या वेळी तिने मला मागे ढकललं. कोणी पडलंय हे दिसायच्या आधीच मला कळलं होतं. मग धूर विरला आणि भावोजी खाली होते. मागून येणारे घोडे थांबत नाहीत, थांबूच शकत नाहीत. ऐंशी घोडे त्यांच्या अंगावरून गेले. मी ते सगळं पाहिलं, एकेक टाप पाहिली.

मी तोंड उघडलं होतं, ताई. देवाशपथ सांगणार होतो. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "पिरासने मारलं!" समोर म्हातारा पिरास हातात बंदूक घेऊन उभा होता. आणि माझ्या उघड्या तोंडातून त्याचंच नाव बाहेर पडलं. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

मी ऑगस्टात निघालो. ऑक्टोबरात तू लिहिलंस की अंतिनेने म्हाताऱ्याला तोडलं. ते पत्र मी खाणीत नेलं आणि नऊशे मीटर खाली जाऊन खाल्लं. खरंच खाल्लं, चावून. एका ओळीत दोन माणसं वाचली असती, एक मळ्यातलं आणि एक तुरुंगातलं. ती ओळ मी लिहिली नाही. मी भित्रा आहे, तू ओळखलंसच.

विश्वास बसत नसेल तर गोळी बघ. फुली शापाची नाही. डुकराच्या अंगात गोळी फुटावी म्हणून मी तशी चीर घेतो, माझ्या सगळ्या गोळ्यांवर असते. बंदूक तुझ्याकडे आहे, तिच्या पिशवीत तळाशी उरलेल्या तीन असतील. जुळवून बघ.

एफिसला थांबव. त्याला हे पत्र दे.

बाकिस


ओरोसेद्दू
१३ जुलै १९५४

बाकिस,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लावून वाच.

तुझं पत्र चार तारखेला गावात आलं होतं. टपालवाला सणाच्या धुंदीत ते खिशात घेऊन दोन दिवस फिरला आणि सहा तारखेला संध्याकाळी, पहिला बार उडायच्या जरा आधी, माझ्या हातात दिलं. मी चुलीपाशी उभी राहून वाचलं. पेटी उघडली. सदरा होता, खिशात गोळी नव्हती. मग पिशवी उलटी केली. तीन पडल्या. तिन्हींवर फुली.

मी धावले. डोक्यावरची शाल कुठे पडली ठाऊक नाही. टेकडीवर सगळं गाव होतं, बंदुका सुरू झाल्या होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते. बंदूकवाल्यांच्या रांगेत बाई कधी शिरत नाही. मी शिरले. कोणीतरी केस धरून मागे ओढलं, मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. एफिस तुझ्या जागेवर उभा होता, गाल बंदुकीला लावून. झेंडा कमानीतून बाहेर आला. मी "एफिस" म्हणून ओरडले पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. म्हणून नळीच धरली. तोंडापाशी, उजव्या हाताने, आणि वर ढकलली.

गोळी कमानीच्या दगडात घुसली. माझी दोन बोटं कुठे गेली ते सापडलं नाही. लारेंतु पुढे निघून गेला. पहिला झेंडा मागे वळून बघत नाही, त्यानेही बघितलं नाही. चर्चभोवती सातही फेऱ्या त्याने पूर्ण केल्या, तोवर मी भिंतीला टेकून बसले होते आणि एफिस स्वतःचा सदरा फाडून माझ्या हाताला गुंडाळत होता. "का आई, का?" एवढंच म्हणत होता. मी चोळीतून तुझं पत्र काढून दिलं. रक्त लागलं होतं, पण वाचता येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी पिरासांच्या घरी गेले. म्हातारी दारातच होती. मी सांगितलं, तुझा नवरा निर्दोष होता, माझ्या भावाने मारलं आणि माझ्या दिराने फुकट बळी घेतला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझी पट्टी बांधलेली मूठ धरली आणि दाराच्या चौकटीवर आपटली, पूर्ण ताकदीने, एकदाच. मी ओरडले नाही. नंतर तिनेच आत नेऊन पाणी दिलं आणि पट्टी नव्याने बांधली. लारेंतु अंगणात खोगीर शिवत बसला होता. म्हणाला, "मेंढ्या मीच मारल्या." 

बाकिस, तू माझा भाऊ आहेस. लहानपणी तुला पाठीवर घेऊन मी मेंढ्या वळल्या आहेत. पण तुझी चूक मी माफ करू शकले असते, ओरडणं नाही करू शकत. माझ्या पोराला मी सात वर्षं विष पाजलं ते तुझ्या त्या ओरडण्याचं. पाजलं मीच, हे मी कोणावर ढकलत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. एफिसने सात तारखेलाच खाणीत भरती व्हायला नाव दिलं. तुमच्या खाणींना माणसं कमीच पडतात, कागद लगेच होतात. बावीस जुलै, गुरुवार, दुपारी तीनला त्याची गाडी शार्लरुआला पोचेल. बंदूक नेता येत नाही. त्याने बापाची मेंढ्या सोलायची सुरी घेतली आहे. मी अडवलं नाही. ज्याचा बाप गेला त्याला मी कोणत्या तोंडाने अडवू?

टपालवाल्याला शुद्धीवर असताना विचारलं. हे पत्र तुला एक दिवस आधी मिळेल. तो एक दिवस माझा, बहिणीचा. पळायचं तर पळ.

बोनारिया


शार्लरुआजवळ
२१ जुलै १९५४

ताई,

पत्र आज मिळालं.

मी स्टेशनवर जातो. त्याला इथली भाषा येत नाही, फलाट आठ आहेत, पोरगं चुकेल.

तुझ्या हाताला जप. ओल्या पट्टीने जखम चिघळते.

बाकिस


शार्लरुआजवळ
१ ऑगस्ट १९५४

आई,

मी पोचलो. काय झालं ते सगळं तुला सांगायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मामा फलाटाच्या टोकाला उभा होता. टोपी हातात, अंगात चांगला कोट. मी त्याला ओळखलं नसतं, केस पांढरे झालेत. त्याने आधी माझे पाय पाहिले आणि म्हणाला, "बूट बसले वाटतं."  माझं गाठोडं त्याने खांद्यावर घेतलं आणि पुढे चालू लागला. आई, स्टेशनपासून त्याची खोली पाऊण तासावर आहे. सगळा वेळ तो पुढे आणि मी चार पावलं मागे. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझा हात खिशात सुरीवर होता, ते त्याला माहीत होतं.

घरं संपली तिथे कोळशाच्या राडारोड्याची मोठी टेकडी आहे. तो तिच्या आडोशाला गेला, गाठोडं खाली ठेवलं, कोट काढला, नीट घडी करून दगडावर ठेवला. म्हणाला, "कोट शेजाऱ्याचा आहे, त्याला भोक पडायला नको." मग माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. "चल, एफिस."

मी मारलं. सात वर्षं साठलेलं होतं ते सगळं काढलं. पहिल्याच ठोशात दात पडले. तो खाली गेला, मी लाथा घातल्या, त्यानेच पाठवलेल्या बुटांनी, बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला तरी थांबलो नाही. अंतिनेकाकाच्या नावाने मारलं, म्हाताऱ्या पिरासच्या नावाने मारलं, तुझ्या बोटांच्या नावाने मारलं. त्याने एकदाही हात वर केला नाही. तोंड झाकलं नाही. मग मी त्याच्या छातीवर बसलो आणि सुरी काढली.

त्याने सदऱ्याची वरची दोन बटणं उघडली. मदत केल्यासारखी. पांढरा सदरा होता, इस्त्री केलेला, माझ्यासाठी घातलेला. आणि रक्ताने भरत चालला होता.

मला तो सदरा दिसला, आई. माणूस मेला की त्याचा सदरा त्याच्या घरी पाठवतात. याला बायको नाही, पोर नाही. याचा सदरा कोणाकडे जाणार? तुझ्याकडे. तू तो धुतला नसतास. पेटीत ठेवला असतास, बाबांच्या सदऱ्यावर घडी करून. दर वर्षी दोन सदरे काढले असतेस आणि कोणाच्या मांडीवर ठेवायचे ते तुला कळलं नसतं.

मी सुरी टेकडीवर फेकली. मग तिथेच बसून मोठमोठ्याने रडलो, कुत्र्यासारखा. पाळीवरून परतणाऱ्या लोकांनी आम्हाला पाहिलं, मला धरलं, पोलीस बोलवायला निघाले. मामाला नीट बोलता येत नव्हतं. तरी त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि ते मला सोडून गेले. काय सांगितलंस विचारलं तर म्हणाला, "बहिणीचा मुलगा आहे, एवढंच."

त्याचे पुढचे पाच दात गेले, तीन बरगड्या मोडल्या, डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "नकोच करू." मग त्याने पाद्रीबाबांना आणि न्यायाधीशाला पत्रं लिहायला घेतली, गोळी कोणाची होती आणि अंतिनेकाका कोणाच्या खोट्यामुळे आत आहे ते सांगणारी. बरगड्यांमुळे बसवत नाही म्हणून त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. सही त्याने केली. दोन्ही आज टपालात टाकली. काय होईल ते होवो, त्याला तिकडे बोलावलं तर मी त्याच्याबरोबर येईन.

सोमवारपासून मी खाणीत जातो आहे. दुसरी खाट खरंच होती, चादर घालून तयार.

बाबांचा सदरा आता धुऊन टाक, आई. एका हाताने जमणार नाही, तर लारेंतुच्या आईला मदतीला बोलाव. डाग जाणार नाही बहुतेक, पण धू.

आणि जमलं तर आपल्या पातळ भाकऱ्या पाठव. इथला पाव मामाला चाववत नाही. आपली भाकरी दुधात भिजवून भरवता येईल.

एफिस